भाकरीची ताकद होते कुठं?

"जेवते की बाई मी. दोन येळंला दोन-दोन भाकरी खाते. तरीबी अंगात त्राणच नाही बघा."

हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. पालकसभेला वडील क्वचितच यायचे, आया मात्र यायच्या. लेकीचे मार्क विचारून झाले की उठता उठता, पदर सावरत, हळूच हे वाक्य यायचं. जणू काही गुन्हाच कबूल करतायत!

थकवा हा आपल्या बायकांचा असा आजार आहे, ज्याला घरात कोणी आजार म्हणत नाही. ताप आला तर कपाळाला हात लावून बघतात. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं. थकवा दिसत नाही. मग त्याला दुसरीच नावं पडतात. सासू म्हणते अंगचोर आहे, नवरा म्हणतो नाटकं आहेत, आणि शेवटी ती बाई स्वतःच म्हणायला लागते, "मीच कामाची राहिले नाही."

खरं म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच घरात, लेकीच्या दप्तरात असतं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' नावाचा धडा आहे. ग्लायको-विघटन, क्रेब्ज चक्र, इलेक्ट्रॉन वहन साखळी असले जड जड शब्द त्यात आहेत. मुली ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पुढच्या वर्षी विसरून जातात. आज तोच धडा, मैत्रिणींनो, आपण चुलीपुढं बसून वाचू या. मार्कांसाठी नाही. खाल्लेल्या भाकरीची ताकद नेमकी होते कुठं आणि अडते कुठं, ते कळावं म्हणून.

जाळ नसलेली चूल

भाकरी पोटात गेली म्हणजे ताकद आली, असं आपण समजतो. पण पोट हे फक्त सरपण फोडायचं ठिकाण आहे. ज्वारीतलं पिठूळ, म्हणजे स्टार्च, तोंडातल्या लाळेपासूनच फुटायला लागतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो त्यामुळंच. लहान आतड्यात त्याचं ग्लुकोज होतं. ते रक्तातनं अंगभर फिरतं आणि प्रत्येक पेशीच्या दाराशी जाऊन थांबतं. खरी चूल पेटते ती पेशीच्या आत.

ही चूल मात्र आपल्या चुलीसारखी भडकत नाही. सरपण पेटवलं की जाळ होतो आणि निम्मी उष्णता वाया जाते. पेशीला हे परवडणारं नाही. आपलं शरीर जेमतेम सदतीस अंश तापमानाला चालतं. म्हणून पेशी ग्लुकोज एकदम जाळत नाही, टप्प्याटप्प्यानं उकलते.

पहिला टप्पा पेशीतल्या द्रवात होतो. ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात आणि थोडीशी ऊर्जा सुटते. याला ऑक्सिजन लागत नाही. दुसरा टप्पा पेशीतल्या अगदी बारीक खोल्यांमध्ये होतो. त्यांना पुस्तकात तंतुकणिका म्हटलंय, डॉक्टर मंडळी मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. इथं त्या तुकड्यांमधला कार्बन निघून जातो. श्वासावाटे आपण जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो हाच. म्हणजे सकाळच्या भाकरीतला कार्बन दुपारी आपल्या नाकातनं बाहेर पडत असतो! या खोल्यांची आणखी एक गंमत सांगते. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला या तंतुकणिका आईकडूनच मिळतात. वंशाचा दिवा कुणाचा का असेना, घराघरातल्या माणसांच्या अंगातल्या चुली आईच्या माहेरच्या आहेत.

तिसरा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. रोजगार हमीच्या कामावर बायका ओळीनं उभ्या राहतात आणि मातीची पाटी एकीच्या हातातनं दुसरीच्या हातात देत पुढं पाठवतात, ते आपण पाहिलंय. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यावर अशीच एक ओळ असते. पाटीत माती नसते, अन्नातनं निघालेले इलेक्ट्रॉन असतात. ते हातोहात पुढं जातात. ओळीच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजनही घेतो आणि त्याचं पाणी होतं. या देवाणघेवाणीत जी ऊर्जा सुटते तिच्या जोरावर एटीपी नावाचा रेणू तयार होतो.

एटीपीला पुस्तकात ऊर्जेचं चलन म्हटलंय. मी वर्गात सांगायचे, भाकरी म्हणजे पाचशेची नोट आणि एटीपी म्हणजे सुट्टे पैसे. एसटीच्या कंडक्टरला पाचशेची नोट दाखवून काय उपयोग? पापणी लवायची असो की घागर उचलायची, शरीर फक्त सुट्टे पैसेच घेतं. हा रेणू १९२९ साली सापडला. तो शोधणाऱ्यांमध्ये अमेरिकेत काम करणारे आपले तेलुगू शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव हेही होते. हे सुट्टे पैसे साठवून ठेवता येत नाहीत. कोणत्याही क्षणी अंगात असलेलं एटीपी काही तोळ्यांतच मोजावं लागेल, पण तेच पुन्हापुन्हा वापरून आणि भरून दिवसभरात जवळपास आपल्या वजनाइतकं एटीपी शरीर बनवतं. ही टांकसाळ क्षणभरही बंद ठेवून चालत नाही.

आता हिशेब बघा. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोजच्या एका रेणूतनं दोनच एटीपी हाती लागतात. ऑक्सिजन असेल आणि ओळ नीट चालू असेल, तर तीसच्या आसपास. सरपण तेच, भाकरी तीच. पण ओळ अडली की पंधरा हिश्शांतला एकच हिस्सा पदरात पडतो.

ओळीतली एक कडी आणि कमलाबाई

या ओळीत हातोहात पाटी देणारे जे रेणू आहेत, त्यातल्या एकाचं नाव सायटोक्रोम सी. प्राण्यांमध्ये तो असतो हे केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी १९२० च्या दशकात दाखवलं होतं. पण बटाट्याच्या पेशींमध्येही तो असतो, हे शोधून काढलं ते एका मराठी मुलीनं. कमला भागवत तिचं नाव. पुढं लग्नानंतर त्या डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या.

१९११ साली इंदूरला जन्मलेल्या कमलाबाईंचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तिथले संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळवलेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. आपल्यापैकी कितीजणी तिथून रडत घरी आल्या असत्या! कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन धडकल्या आणि हटून बसल्या. शेवटी वर्षभर काम बघू, मग ठरवू, अशा अटीवर त्यांना घेतलं. ते वर्ष त्यांनी असं काढलं, की पुढं तिथं मुलींना प्रवेश मिळू लागला. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून त्यांनी एम.एस्सी. केलं आणि मग त्या केंब्रिजला गेल्या.

तिथं बटाट्याच्या पेशींवर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या आपल्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या बायकांपैकी त्या एक.

बटाट्यात काय सापडलं याचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. पण अर्थ मोठा आहे. शेतातला बटाटा, गोठ्यातली म्हैस आणि त्या म्हशीची धार काढणारी बाई, तिघांच्या पेशीत एकाच पद्धतीची चूल आहे आणि तिच्यातली भांडीसुद्धा सारखी आहेत. आणि या सायटोक्रोमच्या मधोमध काय बसलेलं असतं? लोह. तेच, ज्याच्या गोळ्या आरोग्य केंद्रातनं मिळतात. इलेक्ट्रॉनची पाटी लोह झेलतं आणि पुढं देतं.

कमलाबाई मायदेशी परतल्यावर पोषणाच्या कामातच राहिल्या. कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, मग मुंबईची विज्ञान संस्था. डाळी, भात, नीरा अशा गरिबाच्या ताटातल्या गोष्टींवर त्यांनी संशोधन केलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बाया यांच्यासाठी नीरेचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्या गेल्या. पेशीतल्या चुलीचा अभ्यास करून आलेली बाई पुन्हा माणसांच्या चुलीकडं वळली, हे मला फार मोलाचं वाटतं.

भरल्या पोटी गुदमरणं

ही ओळ टोकाशी अडली तर काय होतं, ते आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचताही माहीत आहे. कोवळी ज्वारी, त्यातही पावसानं ताण दिलेली किंवा कापणीनंतर पुन्हा फुटलेली, जनावरानं खाल्ली की ते धापा टाकायला लागतं, थरथरतं आणि कधी कधी तासाभराच्या आत दगावतं. म्हणून शहाणी आई पोराला गुरांकडं पाठवताना बजावते, "ज्वारीच्या रानात दावं सोडू नको."

कोवळ्या ज्वारीत एक द्रव्य असतं, त्यापासून जनावराच्या पोटात सायनाइड तयार होतं. हे सायनाइड ओळीतल्या शेवटच्या रेणूतल्या लोहालाच जाऊन चिकटतं. मग ऑक्सिजनला पाटी द्यायला कोणी उरत नाही. बघा हं, गाईचं पोट भरलेलं आहे. फुफ्फुसात हवा आहे. रक्तात ऑक्सिजनसुद्धा भरपूर आहे, इतका की तिचं रक्त लालभडक दिसतं, कारण तो ऑक्सिजन कुणी वापरतच नाही. आणि तरी गाय गुदमरून मरते. पेशीत गुदमरते. (असं झालं तर घरगुती उपायात वेळ घालवू नका, लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलवा, त्यावर इंजेक्शन आहे. आणि घाबरूही नका, ज्वारीच्या दाण्यात हा धोका नाही. पीक पोसवलं, धाटं वाळली की कडब्यातही तो फार कमी होतो.)

गाईचं उदाहरण टोकाचं आहे. पण त्यातनं एक गोष्ट पक्की होते. नुसतं पोट भरलं म्हणजे ताकद आली, असं नाही. चुलीत सरपण कोंबलं आणि फुंकणी हरवली, तर धूरच होणार.

आणि आपल्या बायकांची फुंकणी बहुतेक वेळा जिथं हरवते, ती जागा म्हणजे रक्त.

वाढपीण

फुफ्फुसातला ऑक्सिजन पेशीपर्यंत नेऊन पोचवायचं काम लाल रक्तपेशी करतात. त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनमध्येही लोहच असतं आणि ऑक्सिजन त्यालाच धरून बसतो. या रक्तपेशीची एक गोष्ट वर्गात सांगितली की मुली एकदम गप्प व्हायच्या. लाल रक्तपेशीत तंतुकणिका नसतात. अंगातल्या कोट्यवधी पेशींना ती ऑक्सिजन वाढत फिरते, पण तिला स्वतःला त्यातला कणही वापरता येत नाही. ती आपली त्या दोन एटीपीवर, ऑक्सिजनशिवायच्या पहिल्या टप्प्यावर, चार महिने राबते आणि संपते. एकदा एक मुलगी मागच्या बाकावरनं म्हणाली, "बाई, म्हणजे आमच्या आईसारखीच की."

मी त्यावर काही बोलले नाही. बोलण्यासारखं त्या पोरीनंच बोलून टाकलं होतं.

लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी पडतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन बाराच्या खाली आणि गरोदर बाईचं अकराच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. आपल्या महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे हळदी-कुंकवाला दहाजणी जमल्या तर त्यातल्या पाचजणींहून जास्त.

बायकाच का? हिशेब सोपा आहे. दर महिन्याला पाळीत रक्त जातं, त्याच्याबरोबर लोह जातं. बाळंतपणात जातं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे प्रमाण ठरवून दिलंय, त्यात पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि बाईला २९. दीडपट! आता आपल्या घरातलं ताट आठवा. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, आणि शेवटी राहिलेल्या कालवणाच्या पातेल्यात भाकरी फिरवून जेवणारी ती. जिला दीडपट पाहिजे, तिच्या वाट्याला तळाशी उरेल ते.

त्यात काम बघा. आपल्या जिल्ह्यातनं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोड्या जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे उठून स्वयंपाक, मग तोड, मोळ्या बांधणं, डोक्यावरनं गाडीत भरणं, आणि परत आल्यावर पुन्हा चूल. असं जड काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे २७०० कॅलरी लागतात, असं तीच संस्था सांगते. पण समजा तेवढ्या कॅलरी भाकरीतनं मिळाल्या, तरी रक्तात लोह नसेल तर त्या भाकरीचे सुट्टे पैसे होणार कसे?

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिचं नाव सांगत नाही. दहावीत विज्ञानात बरे मार्क होते, पण लग्न लवकर झालं. पंचविशीत दोन लेकरं पदरात घेऊन ती तोडीवरनं परत आली होती. रस्त्यात भेटली तेव्हा ओठ पांढरे, जिना चढली की छातीत धडधड, केस गळतायत. आणि चोरून भाजलेली माती खाते म्हणाली. "खावंच वाटतंय बाई, र्‍हावत नाही." माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लोह कमी असल्याची खूण असू शकते, हे कितीजणींना ठाऊक असतं? तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ. डॉक्टरीणबाईंनी जंताचं औषध दिलं, लोहाचे उपचार सुरू केले आणि महिन्या-महिन्याला तपासायला बोलावलं. पाचएक महिन्यांनी ती अकरावर आली.

तेव्हा ती मला काय म्हणाली असेल? गोळ्यांचं नाही, दवाखान्याचं नाही. म्हणाली, "बाई, मला वाटायचं मी जन्माचीच आळशी हाय."

सात वर्षं तिनं हे मानलं होतं. घरच्यांनी म्हटलं आणि तिनं मानलं. तिच्या प्रत्येक पेशीत ओळ अडून पडली होती, टोकाला ऑक्सिजन पुरेसा पोचत नव्हता, आणि त्याचं नाव घरात आळस असं पडलं होतं. लेकी-सुनांच्या थकव्याला नाव ठेवण्याआधी एकदा रक्त तपासावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

येळवशीची आंबील

आता उपाय. ते आपल्या घरातच आहेत, निदान निम्मे तरी.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आपल्याकडं येळवस होते. धाराशिव-लातूरकडं जन्मलेल्या माणसाला हे सांगायला नको. गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग अंगतपंगत. भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक एकत्र आंबवून केलेली ही आंबील म्हणजे आपल्या धड्याचाच दुसरा भाग आहे. ताकातले जिवाणू मडक्यात ऑक्सिजन नसतानाही साखर फोडतात, पहिल्या टप्प्यावरच थांबतात, दोन एटीपी घेतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आंबीलीचा आंबटपणा तो हाच. एसटी चुकू नये म्हणून आपण जीव खाऊन धावतो, तेव्हा मांडीच्या स्नायूतही हेच घडतं. ऑक्सिजन पुरत नाही, मग स्नायू तात्पुरतं दोन एटीपीवर भागवतात. (दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते मात्र या आम्लामुळं नव्हे. ते तास-दोन तासांत निघून जातं. दुखतात ते स्नायूच्या तंतूंना ताण बसल्यामुळं.)

पण आंबीलीचा खरा फायदा पुढं आहे. ज्वारी, बाजरी, डाळी यांच्यात लोह असतं, पण त्यांच्यातच फायटिक आम्लही असतं. ते लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. धान्य आंबवलं, भिजवलं, मोड आणले की ही पकड सैल होते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे रसायनशास्त्र वाचलं नव्हतं. तरी मडकं त्यांनी आंबवलंच ना! मग आंबील वर्षातनं एकदाच का? उन्हाळ्यात रोज करायला काय हरकत आहे?

दुसरं लिंबू. डाळ, पालेभाजी, मोडाची उसळ यांच्यावर लिंबू पिळलं किंवा जेवणात पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो असला, तर त्यातल्या क जीवनसत्त्वामुळं लोह चांगलं शोषलं जातं. तिसरा चहा. जेवण झालं की लगेच चहा घ्यायची आपली सवय लोहाच्या मुळावर येते. चहा सोडा म्हणत नाही, सोडणार नाही हे मलाही कळतं. पण जेवण आणि चहा यांच्यात तास-दीड तास जाऊ द्या. चौथं, लोखंडी तवा आणि कढई माळ्यावरनं खाली काढा. नॉनस्टिकमधनं लोह मिळत नाही. चालत असेल त्यांनी अंडी, मटण, सुकट जरूर खावी. त्यातलं लोह शरीर लवकर घेतं.

उपवासाबद्दलही दोन शब्द. नवरात्रात आपल्याकडच्या बाया नऊ-नऊ दिवस उपास धरतात, कितीतरीजणी पायी तुळजापूरला जातात. आईच्या भक्तीबद्दल मी काय बोलणार? पण पेशीतली चूल नवरात्रातही बंद नसते. यकृतात साठवलेली साखर साधारण दिवसभर पुरते, मग शरीर चरबी जाळायला घेतं. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ सरपण. त्यात लोह नावालाच. त्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, दूध, फळं घ्या. आणि आधीच रक्त कमी असलेल्या किंवा गरोदर बाईनं कडक उपास धरू नये. आई भवानी रागावणार नाही. तीही लेकुरवाळीच आहे.

खाण्यानं सगळं भागतं असं मात्र समजू नका. हिमोग्लोबिन खूप खाली गेलं असेल तर गूळ-शेंगदाण्यावर विसंबून राहू नये, औषध लागतंच. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते, गरोदर बायांना रोज लाल. त्यातल्या कितीतरी गोळ्या खिडकीतनं बाहेर जातात, कारण मळमळतं, शौचाला काळं होतं. काळं होणं हे गोळीमुळंच, त्यात भ्यायचं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी, पण चहाबरोबर नको.

आणि प्रत्येक थकवा रक्तक्षयाचाच असतो असंही नाही. थायरॉइड बिघडलं तर सगळ्याच चुलींचा जाळ मंद होतो. मधुमेहात ग्लुकोज रक्तात भरपूर असतं, पण पेशीच्या आत नीट शिरत नाही, म्हणजे सरपण दाराशी पडून राहतं. बी-१२ कमी असेल, पाळीत फार रक्त जात असेल, मन खचलेलं असेल, तरी थकवा येतो. कारण डॉक्टरांना शोधू द्या. आपण फक्त एवढं करायचं, की थकवा आहे हे मोठ्यानं सांगायचं.

तपासणी अवघड नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या टोकातनं थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन सांगतात. तुमच्या बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांबरोबर आणखी एक आकडा लिहायला घ्या. प्रत्येकीनं आपलं हिमोग्लोबिन तपासून यायचं आणि वहीत नोंदवायचं. सहा महिन्यांनी परत तपासायचं. जिचा आकडा वाढला तिला शाबासकी, जिचा घटला तिला सगळ्यांनी मिळून दवाखान्यात न्यायचं. आशाताईंना सांगितलं तर त्या मदत करतात.

आणि घरात आणखी एक बदल, तो तर फुकटचा आहे. आज संध्याकाळी सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसा. शेवटी नाही, बरोबर. भाकऱ्या आधी करून ठेवल्या तर काही बिघडत नाही. आणि भाजी वाढताना तुमच्या वाटीत सगळ्यांइतकीच, जमलं तर पळीभर जास्तच घ्या. कुणी विचारलं तर सांगा, मला एकोणतीस लागतं, तुम्हाला एकोणीस. कशाचं ते त्यांना दहावीतल्या लेकीला विचारू द्या.